बापाच्या घराची भाडेपावती

रांजणगावच्या ज्या कंपनीत माझा भाऊ होता, तिथला एकूण एक गडी स्वतःच्या बापाच्या घरात भाड्यानं राहत होता. कागदावर, बरं का. सकाळी घरची भाकरी बांधून कंपनीच्या बसमध्ये चढायचं, संध्याकाळी येऊन बापाच्या शेजारीच बाज टाकायची, आणि वर्षाच्या शेवटी लिहून द्यायचं की मी या माणसाला महिन्याच्या महिन्याला भाडं देतो. पगारात घरभाड्याचा भत्ता असायचा आणि अशा पावत्या दिल्या की त्यावरचा टॅक्स वाचायचा. एकानं केलं म्हणून दुसऱ्यानं केलं. मेंढरामागं मेंढरू कसं जातं ते आम्हा धनगरांना सांगायला नको.

माझा भाऊ माझ्याहून धाकटा. कंपनीत पर्मनंट झाला, पगार वाढला, आणि त्या मार्चला त्याच्या पगारातून एवढा टॅक्स कापला गेला की तो दोन दिवस जेवला नाही. आईचं दहावं झालं त्या दिवशी जेवला होता, तेव्हा हे दुःख केवढं मोठं ते समजून घ्या. बसमधल्या मित्रांनी त्याला शिरूरच्या एका टॅक्सवाल्याचं नाव सांगितलं. त्यानं रविवारची अपॉइंटमेंट दिली. आमच्या निमोण्यात तोवर अपॉइंटमेंट घेऊन कुणी डॉक्टरकडंही गेलं नव्हतं. भाऊ आठवडाभर ज्याला त्याला सांगत होता, रविवारी जमायचं न्हाई, माझी अपॉइंटमेंट हाय.

मी तेव्हा त्याच घरात होते. लग्न करून मला दौंडकडं दिली होती. नवऱ्याचं घर आधीच दुसऱ्या बाईनं मांडलेलं होतं, ते मला हळदीचे हात धुवून झाल्यावर कळलं. वर्षाच्या आत मी पिशवी उचलून परत आले आणि पुढं गावातल्या अंगणवाडीवर लागले. मानधन किती ते विचारू नका, मानधन या शब्दात मानच जास्त असतो. आईच्या माघारी आबांचं जेवणखाण, म्हशी, अंगणवाडी असं माझं चाललं होतं. भाऊ मला आक्का म्हणायचा, भावजय वन्सं म्हणायची, तोंडावर सगळं गोड. पण एकदा गोठ्याच्या मागं ती तिच्या आईशी बोलत होती ते मी ऐकलं. म्हणाली, आबा हायेत तवर ऱ्हाऊंदे, मग बघू. त्या दिवसापासून आबांना ठसका लागला तरी मी पाण्याचा तांब्या घेऊन धावायचे. बाप मेला की मी रस्त्यावर, हे मला चांगलं ठाऊक होतं, आणि त्यावर माझ्याकडं काहीही इलाज नव्हता.

तर टॅक्सवाल्यानं चिठ्ठीवर कागद लिहून दिले होते. कंपनीचा फॉर्म सोळा, विम्याच्या पावत्या, पोस्टातली सर्टिफिकिटं, घरभाड्याच्या पावत्या, आणि घर ज्याचं आहे त्याच्या नावाचा ग्रामपंचायतीचा उतारा. भावानं चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि तो सेकंड शिफ्टला निघून गेला. कागद गोळा करणं हे बायकांचं काम, अपॉइंटमेंटला जाणं हे पुरुषांचं.

आता आमच्या घरातले कागद म्हणजे! विम्याची एक पावती कॅलेंडरच्या मागं सापडली, तिच्या पाठीवर भावजयीनं दुधाचा हिशेब लिहिलेला. दुसरी पावती देवाच्या फोटोमागं, कुंकवानं लाल झालेली. फॉर्म सोळासाठी मी दोन दिवस कणग्या हलवल्या आणि तो निघाला भावाच्याच डब्याच्या पिशवीत, चपातीच्या तेलानं पारदर्शक झालेला. काखेत कळसा. पोस्टाची सर्टिफिकिटं तेवढी जागेवर होती, कारण भावानं ती शिरूरला नेऊन लॅमिनेशन करून आणली होती. किती चांगली टिकतात म्हणून सगळ्यांना दाखवायचा. पुढं मुदत संपल्यावर पोस्टमास्तरनं ती हातात घेऊन विचारलं की आता यावर सही कुठं करू, आणि प्लास्टिक सोलता सोलता अर्धा कागद त्याबरोबर आला. पण ते नंतरचं. तेव्हा तो स्वतःला फार हुशार समजत होता.

राहिल्या भाड्याच्या पावत्या. त्याला काय लागतं, आबांची सही आणि रेव्हेन्यूचं तिकीट. भावानं पावतीपुस्तक आणलं, तिकिटं आणली आणि रात्रीच्या जेवणाआधी आबांपुढं ठेवलं.

इथं आबांचं थोडं सांगावं लागेल. माझ्या आजोबांनी मेंढरं विकून गावातल्या एका मोठ्या जमीनदाराचं रान खंडानं धरलं होतं. जमीनदार पुण्यात राहायचा. त्याचा कारकून वर्षाला यायचा, खंड घ्यायचा आणि पावती द्यायचा. पुढं कूळकायदा आला, आजोबांनी त्या पावत्या कचेरीत नेऊन टाकल्या आणि रान आमचं झालं. आबा तेव्हा तरणे होते, सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत झालं. त्यातनं ते एकच गोष्ट शिकले आणि जन्मभर तिच्यावर जगले. पावती दिली की कूळ लागतं, आणि कूळ लागलं की मिळकत गेली. कडब्याची पेंढी विकली तरी पावती द्यायचे नाहीत. एकदा देवळाच्या वर्गणीची पावती फाडायला बसवलं तर उठून आले.

त्या माणसापुढं माझ्या शहाण्या भावानं भाड्याचं पावतीपुस्तक ठेवलं. आबांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. आधी विचारलं, तू मला भाडं कवा दिलंस? भाऊ म्हणाला, द्यायचं न्हाई आबा, नुसतं लिहायचं. मग आबांनी जे तोंड सोडलं ते शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. पोटच्या पोराकडनं भाडं खातो असं लिहून देऊ का, उद्या लोकं माझ्या तोंडात शेण घालतील. हे एक. आणि दुसरं, खरं जे होतं ते. मी जित्ता हाय तवर तू माझ्या घराचा कूळ व्हायला बघतोस. बारा पावत्या झाल्या की घर तुझं, मी वसरीत.

भावानं समजावलं. कूळकायदा रानाला असतो, घराला नसतो. आबा म्हणाले, असं तो जमीनदाराचा कारकूनबी म्हणायचा की खंडाच्या पावतीनं काय व्हतंय. गावातल्या शिकलेल्या दोघाचौघांनी सांगून पाहिलं. एका वकिलानं चहा पिता पिता सांगितलं. त्यांना आबांनी हात जोडले आणि मागं वळून मला म्हणाले, ह्योबी पोराला सामील हाय. आबांना पटवण्यापेक्षा रेड्याकडनं दूध काढणं सोपं.

रविवार आला. भाऊ पावत्यांशिवाय गेला आणि टॅक्सवाल्यानं त्याला परत पाठवला. पुढच्या महिन्याची अपॉइंटमेंट, सगळे कागद असतील तरच. सोमवारी बसमध्ये मित्र हसले असणार, कारण घरी आल्यावर त्यानं पाण्याचा तांब्या आपटला. सगळ्या कंपनीचे बाप सही करतात आन् माझाच बाप उलटा, म्हणून ओरडला. आबा शांतपणे तंबाखू मळत होते. तंबाखू तोंडात टाकून त्यांनी तोडगा सांगितला. घर आक्काच्या नावावर करा.

कुणाला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. गावात एक विधवा बाई होती, तिचं रान कुळाला लागलं नव्हतं. कायद्यात विधवेच्या रानासाठी काहीतरी सवलत होती म्हणे, मला नंतर एका तलाठ्यानं सांगितलं. आबांनी त्याचा अर्थ लावला होता की बाईच्या मिळकतीला कूळच लागत नाही. तेव्हा घर बाईच्या नावावर असलं की पोरानं कितीही पावत्या गोळा केल्या तरी त्याचं काही चालणार नाही. शिवाय बापानं पोराकडनं भाडं घेणं लाजिरवाणं, पण बहीण भावाकडनं भाऊबीज घेतेच, राखीला घेते, तिनं घेतलं तर कोण नावं ठेवतंय. मी गेल्यावर हिच्याकडनं परत करून घी, असंही त्यांनी भावाला तिथल्या तिथं सांगितलं. माझ्याकडं कुणी बघितलंही नाही. खुंटीवर सदरा अडकवायचा असला की खुंटीला विचारतात का?

लोक आता म्हणतात, तुझा बाप दूरदृष्टीचा गं, लेकीची सोय लावून गेला. कसली दूरदृष्टी अन् कसलं काय. त्याला लेकीची सोय लावायची असती तर दौंडला देताना जरा चौकशी केली असती. त्याला फक्त त्याच्या पोरापासून घर वाचवायचं होतं, तेही कायदा उलटा समजून. माझं भलं झालं ते त्याच्या अज्ञानानं. उगाच मेलेल्या माणसाला शहाणपण चिकटवू नये.

आणि माझा भाऊ? तो तयार झाला! भावजय नको नको म्हणत होती, पोरगी त्याच्यापेक्षा हुशार. त्यानं तिला गप्प केलं. कागदावरच तर करायचंय, म्हणाला. तिला त्यानं टॅक्स किती वाचेल ते समजावून सांगितलं आणि तिच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं की तिला टॅक्स समजला नाही, पण बाकीचं सगळं समजलं. आबा तर नुसत्या ग्रामपंचायतीच्या नोंदीवर ऐकेनात. ग्रामसेवकाचा भरवसा काय, पक्की रजिस्टरी पायजे. मग शिरूरला जाऊन बक्षीसपत्र करायचं ठरलं. स्टँपाचा, लिहिणाराचा, झेरॉक्सचा सगळा खर्च भावानं केला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्या वर्षी जेवढा टॅक्स वाचणार होता त्याहून जास्त त्या एका दिवसात गेला. विचारलं तर म्हणाला, पुढच्या वर्षापासून फायदाच फायदा.

बक्षीसपत्र लिहिणारा म्हातारा माणूस होता. त्यानं लिहिणं थांबवून भावाकडं बघितलं आणि विचारलं, तुमची संमती आहे ना, नीट विचार केलाय ना? भावानं संमतीची सही केली, वर साक्षीदार म्हणूनही कुणाला तरी स्वतःच पकडून आणलं. मी सही करून, वर अंगठा लागतो म्हणून त्याला शाई लावून उभी होते. आबा मला म्हणाले, नीट उमटव. एवढंच. येताना आम्ही तिघांनी एसटी स्टँडवर भेळ खाल्ली, तिचेही पैसे भावानं दिले.

मग अपॉइंटमेंट एकदाची झाली. भाऊ मला दाखवायला म्हणून घेऊन गेला, घरमालकीण म्हणून. टॅक्सवाल्याचं ऑफिस एका कापडाच्या दुकानावर होतं. फॅन एकच, त्याचं तोंड फक्त त्यांच्याकडं. कॉम्प्युटरवर टॉवेल घातलेला, आणि लिहायचे मात्र सगळं हातानं. त्यांनी उतारा बघितला, बक्षीसपत्राची झेरॉक्स बघितली, वा वा म्हणाले, असे कागद पाहिजेत, बाकीचे लोक नुसते बापाच्या सह्या आणतात. भावाची छाती फुगली. त्यांनी मला विचारलं, तुम्हाला काही उत्पन्न? मी अंगणवाडीचं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, मग तुम्हाला काही भरावं लागणार नाही.

त्यानंतर दरवर्षी फेब्रुवारीत भाऊ पावतीपुस्तक आणायचा, आणि वेगवेगळ्या महिन्यांत लिहिल्यासारखं दिसावं म्हणून दोन-तीन रंगांची पेनं आणायचा. मी वर्षभराचं भाडं एका बैठकीत घ्यायचे. रुपया कधी हाताला लागला नाही. तिकिटं चिकटवताना जिभेला डिंकाची चव राहायची, तेवढीच माझी कमाई. आबा बाजेवर बसून बघायचे आणि समाधानानं मान हलवायचे की पोरगं काही कूळ होत नाही.

असं बरीच वर्षं चाललं. मग आबा गेले. ठसका, ताप, ससूनला न्यायच्या आधीच. मी रडले, खोटं कशाला सांगू, बाप होता. पण रडतानाही एक मन हिशेब करत होतं की आता किती दिवस.

वर्षश्राद्ध होईपर्यंत भाऊ काही बोलला नाही, एवढी रीत त्यानं पाळली. तोवर रांजणगावला बाहेरच्या राज्यांतली पोरं कामाला येऊन भरली होती आणि खोलीला खोली मिळेना झाली होती. आजूबाजूच्या गावांत ज्यानं त्यानं पत्र्याच्या खोल्या काढल्या होत्या. भावाला आमचं घर पाडून तसल्या खोल्यांची रांग काढायची होती, आणि स्वतः शिरूरला फ्लॅट घ्यायचा होता. श्राद्धाची भांडी घासून व्हायच्या आत तो माझ्यापाशी येऊन बसला. आक्का, ते घराचं तेवढं परत करून दे, म्हणाला. मी विचारलं, आन् मी कुठं जाऊ? पाटसच्या मावशीला आता उठवत न्हाई, म्हणाला, तिला एक माणूस लागतंयच. तुझा काय, एकटा जीव.

तसं बघितलं तर तो खोटं बोलत नव्हता. आबांनी त्याला परत करून घे म्हणून सांगितलं होतं, मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पण मला कुणी विचारलं होतं? मी कधी हो म्हणाले होते? मी त्याला नाही म्हणाले नाही की हो म्हणाले नाही. म्हटलं, आधी त्या टॅक्सवाल्यांना विचारून घी, तुझ्या टॅक्सचं काही इकडंतिकडं व्हायला नको. टॅक्स म्हटलं की तो लगेच ऐकायचा. त्यानं अपॉइंटमेंट घेतली.

टॅक्सवाले म्हातारे झाले होते, फॅन मात्र तोच. भावानं सांगितलं, घर आता माझ्या नावावर करायचंय, आक्का मावशीकडं चाललीय. टॅक्सवाले म्हणाले, यांनी बक्षीस दिलं तर होईल. भाऊ म्हणाला, बक्षीस कसलं, माझंच घर हाय, ते तर नुसतं कागदावर केलेलं.

टॅक्सवाल्यांनी पेन खाली ठेवलं. फायलीतून माझ्या सह्यांच्या पावत्यांचा गठ्ठा काढून टेबलावर टाकला आणि म्हणाले, "मग घर आणखी कुठं असतं? कागदावरच असतं. इतकी वर्षं तुम्ही सही करून लिहून दिलंय की घर यांचं आणि तुम्ही भाडेकरू. आता कोर्टात जाऊन ते खोटं होतं म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग प्रत्येक वर्षीचा टॅक्स दंडासकट भरायची तयारी ठेवा, आणि माझं नाव घेऊ नका."

भावाच्या तोंडचं पाणी पळालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी समोर बसून बघत होते, आणि मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं. टॅक्सवाले काही माझ्या बाजूचे नव्हते, त्यांना त्यांची कातडी वाचवायची होती. पण रीत म्हणून त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "बाई, तुमची इच्छा आहे का घर द्यायची?"

लग्नाच्या आधी, लग्नाच्या नंतर, रजिस्टरीच्या दिवशी, कधीच कुणी विचारलं नव्हतं.

"न्हाई," मी म्हणाले.

भावानं मोटरसायकल थेट घरी आणली. घरी आल्यावर तो भावजयीला आत घेऊन गेला, दोघं बराच वेळ कुजबुजत होते, एकदा तिचा आवाज चढला, मी तवाच सांगितलं व्हतं म्हणून. मी म्हशीला वैरण टाकली, हातपाय धुतले. मला वाटलं होतं आता आदळआपट होणार, बोलणी होणार, नातं तुटणार. तसलं काही झालं नाही. भावजय बाहेर आली, तिनं पाट मांडला आणि म्हणाली, वन्सं, बसा, आधी तुम्ही जेवून घ्या.

दौंडवरनं परत आले त्याला तेव्हा बारा-तेरा वर्षं होऊन गेली होती. सासर सोडून माहेरी राहणारी बाई पुढ्यात येईल ते खाते, भाजीला नाव ठेवत नाही. मीही कधी ठेवलं नव्हतं. बसले, घास घेतला. वांग्याचं कालवण अळणी होतं, आणि मी तसं सांगितलं. भावजय उठून मीठ घेऊन आली.